सोशल मीडियावरील पोस्टमधून विक्री : घरगुती आणि छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फराळ, मसाले, हापूस, साड्या, दागिने किंवा हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या आणि आपल्या पोस्ट स्वतःच लिहिणाऱ्या व्यावसायिकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॉलोअर्स भरपूर आहेत, लाइक्सही येतात. मग ऑर्डर का येत नाहीत?

चकलीचा फोटो आवडला म्हणून लाइक करायला काही विचार करावा लागत नाही. तीच चकली मागवायची म्हटली की भाव काय, कोणत्या तेलात तळली आहे, आपल्या भागात पोहोचते का, कधी मिळेल, पैसे आधी द्यायचे की नंतर, असे सगळे मनात येते. यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर पोस्टमध्ये सापडले नाही, तर वाचणाऱ्याला ते विचारावे लागते. आणि अनोळखी माणसाला भाव विचारून नंतर ‘नको’ म्हणण्याचा संकोच आपल्याकडे इतका असतो की बहुतेक जण विचारतच नाहीत. ते पोस्ट आवडल्याचे दाखवतात आणि पुढे जातात. म्हणून ऑर्डर येत नसतील तर फॉलोअर्स वाढवण्याआधी आपली शेवटची दहा पोस्ट उघडून पाहावीत आणि ग्राहकाला विचारण्यासारखे त्यांत काय काय शिल्लक राहिले आहे, हे कागदावर उतरवून काढावे.

दुसरे कारण फॉलोअर्स कोण आहेत, यात असते. नातेवाईक, त्याच व्यवसायातील इतर विक्रेते आणि ‘फॉलो करा, भेटवस्तू जिंका’ अशा स्पर्धेतून आलेले लोक संख्येत भर घालतात, पण त्यांच्यातून ग्राहक क्वचितच मिळतात. नागपूरला माल पोहोचवता येत नसेल, तर तेथील हजार फॉलोअर्सचा विक्रीला उपयोग नाही.

२. विक्रीच्या पोस्टमध्ये किमान काय काय असले पाहिजे?

वस्तू नेमकी कोणती, किती वजनाची किंवा मापाची, कितीला, कोठे मिळेल किंवा पोहोचेल, केव्हापर्यंत मागवता येईल, आणि मागवायचे कसे, हे सहा मुद्दे पोस्टमध्येच असावेत. ‘प्रोफाइलमध्ये पाहा’, ‘मागच्या पोस्टमध्ये दिले आहे’ असे म्हणू नये. वाचणारा तेथवर जात नाही. मागवण्याची रीत एकच द्यावी. कॉमेंट करा, मेसेज करा, फोन करा, फॉर्म भरा, असे चार पर्याय दिले की ऑर्डर चार ठिकाणी विखुरतात आणि एखादी तरी हातून निसटते.

खाद्यपदार्थ घरी करून विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची) नोंदणी घ्यावी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर तर असावाच, पण पोस्टच्या शेवटीही लिहावा, कारण पहिल्यांदा मागवणारा ग्राहक तो शोधतो.

३. एखादी पोस्ट प्रत्यक्ष लिहून दाखवाल का?

मार्च ते मे या काळात सर्वत्र दिसणारी पोस्ट साधारण अशी असते : ‘फ्रेश हापूस उपलब्ध! बेस्ट क्वालिटी, नैसर्गिकरीत्या पिकवलेला. ऑर्डरसाठी इनबॉक्स करा.’ हीच माहिती बागायतदाराला पुढीलप्रमाणे लिहिता येईल (भाव नमुन्यादाखल आहे) :

‘देवगडच्या आमच्या बागेतला हापूस शुक्रवारी पुण्यात येतो आहे. पाच डझनांची पेटी, प्रत्येक फळ २२५ ते २५० ग्रॅमचे, भाव घरपोच ३,५०० रुपये. आंबा मंगळवारी उतरवून गवतात भरून पाठवतो. पेटी हाती येईल तेव्हा फळ हिरवट आणि घट्ट असेल. घरी अढी लावली (गवतात थर रचून ठेवले) की पाच ते सात दिवसांत पिकेल. कापल्यावर साका (आतला गर पांढरट, खराब) निघाला तर फोटो पाठवा, तितकी फळे पुढच्या खेपेत बदलून देऊ. या आठवड्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि बावधन येथेच पोहोचवतो. बुकिंग सोमवारी रात्री ८ वाजेपर्यंत. नाव, पत्ता आणि पेट्यांची संख्या व्हॉट्सॲपवर पाठवा.’

या मजकुरात ‘बेस्ट’ हा शब्द नाही आणि त्याची गरजही पडत नाही. फळाचे वजन सांगितल्यामुळे दोन विक्रेत्यांच्या भावांची तुलना करता येते, कारण पेटी पाच डझनांची असली तरी १८० ग्रॅमचे आणि २५० ग्रॅमचे फळ यांत मोठा फरक असतो. फळ घट्ट असेल हे आधीच लिहिल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी ‘आंबा कच्चाच पाठवला’ अशी तक्रार येत नाही. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी असूनही लोकांच्या मनात ती शंका असतेच. अढी कशी लागते हे सांगणारे वाक्य ‘नैसर्गिक’ या विशेषणापेक्षा त्या शंकेचे निरसन अधिक चांगले करते. सर्वांत मोलाचे वाक्य मात्र साक्याचे आहे. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळातही साका निघू शकतो, हे हापूस घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. विक्रेत्याने ते आपणहून मान्य करून भरपाईची पद्धत सांगितली की पहिल्यांदा पेटी मागवणाऱ्याचा धीर वाढतो.

४. पहिली ओळ कशी असावी?

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येत असले, तरी सुरुवातीच्या एक-दोन ओळीच समोर दिसतात आणि उरलेला मजकूर वाचण्यासाठी बोट लावावे लागते. त्यामुळे वस्तूचे नाव आणि ती कोणासाठी किंवा केव्हासाठी आहे, हे पहिल्याच ओळीत यावे. ‘नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे?’ या ओळीत ती जागा वाया जाते. ‘गौरीच्या पाच फराळाच्या पदार्थांचा संच, शनिवारपर्यंत नोंदवा’ ही ओळ वाचून ज्याला गरज आहे तो थांबतो, आणि ज्याला नाही तो पुढे जातो. यात विक्रेत्याचे नुकसान नाही. उत्कंठा वाढवणाऱ्या, अर्धवट तोडलेल्या ओळी लोकांना थांबवतात हे खरे, पण उलगडा जाहिरातीत होतो असे एक-दोनदा लक्षात आले की पुढची पोस्ट ते वाचत नाहीत.

५. किंमत पोस्टमध्येच लिहावी का? स्पर्धक भाव पाहतील, आणि महाग वाटले तर लोक विचारणारही नाहीत.

किंमत लिहावी, असेच आमचे ठाम मत आहे. स्पर्धकाला आपला भाव हवा असेल तर तो दुसऱ्या खात्यावरून विचारून घेतो. भाव न लिहिल्याने अडतो तो खरा ग्राहक. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ असे लिहिल्यावर काही लोकांना वाटते की माणूस पाहून भाव सांगितला जाईल, आणि हा संशय एकदा आला की दूर करणे अवघड असते.

भाव जास्त वाटण्याची भीती असेल, तर तो का पडतो हे शेजारीच सांगावे. हाताने लाटलेले नागलीचे पापड यंत्रावरच्या पापडांपेक्षा महाग असणारच. एका किलोत किती नग बसतात, पीठ कसे मळले जाते आणि किती जणींचे हात त्याला लागतात, हे लिहिले की भाव समजण्यासारखा होतो. ज्यांना परवडत नाही ते विचारणार नाहीत, आणि त्यामुळे उत्तरे देण्यात जाणारा वेळ वाचेल.

अपवाद आहेत. मापाप्रमाणे शिवून देण्याचे कपडे, रोज बदलणाऱ्या दराचे चांदीचे दागिने, संख्येनुसार बदलणारे केटरिंग यांत एकच आकडा देता येत नाही. तेथे ‘अमुकपासून सुरू’ असे लिहून तो किमान भाव कशाचा आहे आणि पुढे कशाने वाढतो, हे सांगावे. ‘सुरू’ म्हणून दिलेल्या भावात प्रत्यक्ष वस्तू उपलब्ध असलीच पाहिजे. ग्राहकाला ओढण्यापुरता नाममात्र कमी भाव दाखवणाऱ्या जाहिरातींवर २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधीच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी निर्बंध घातलेले आहेत.

६. सतत विक्रीच्या पोस्ट टाकल्या तर लोक कंटाळतील. दर किती पोस्टनंतर विक्रीची पोस्ट टाकावी?

यासाठी सर्वांना लागू पडेल असे प्रमाण नाही. लोक विक्रीला कंटाळत नाहीत. तोच फोटो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा पाहून कंटाळतात. भाजी विकणाऱ्याने रोजचा ताजा भाव टाकला तर ते लोकांना हवेच असते. वर्षातून एकदा घेतली जाणारी वस्तू, उदाहरणार्थ पैठणी, रोज ‘घ्या’ म्हणून समोर आली तर लोक ती पाहणे सोडून देतात. ग्राहक आपली वस्तू किती दिवसांनी पुन्हा घेतो, त्या बेताने विक्रीच्या पोस्ट ठेवाव्यात आणि मधल्या काळात प्रश्न ७ मध्ये सांगितलेले लेखन करावे.

७. विक्री नसलेल्या पोस्टमध्ये लिहायचे तरी काय? सुविचार आणि सणांच्या शुभेच्छा चालतील का?

शुभेच्छा देण्यात काही गैर नाही, पण त्यातून ग्राहक तयार होत नाही. आपली वस्तू ओळखावी, निवडावी, वापरावी आणि जपावी कशी, याचे जे ज्ञान विक्रेत्याजवळ रोजच्या कामातून साठलेले असते, तेच या पोस्टमध्ये उतरले पाहिजे.

पैठणी विकणाऱ्यांचे उदाहरण घेऊ. हातमागावरची पैठणी आणि बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळणारी यंत्रमागाची साडी यांतला फरक पुष्कळ जणींना नेमका सांगता येत नाही. पदराची उलटी बाजू दाखवणारा एक जवळून घेतलेला फोटो पुरतो : हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया किंवा कमळ मागूनही जवळपास तितकेच स्वच्छ दिसते, तर यंत्रमागावर मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. त्याखाली चार ओळी लिहाव्यात, सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क यांची चिन्हे कशाची ग्वाही देतात हे सांगावे (पहिले चिन्ह शुद्ध रेशमाचे, दुसरे हातमागाचे), आणि आपण सेमी पैठणीही विकत असाल तर तीही त्याच प्रामाणिकपणे मांडावी. कमी खर्चात हौस भागवणारी साडी म्हणून तिला स्वतःचा ग्राहक आहे. अशी पोस्ट वाचणारी बाई त्या दिवशी काही घेत नाही. घरात लग्न ठरल्यावर मात्र कोणाला विचारायचे हे तिला आठवते.

अनारशाचे पीठ विकणाऱ्यांनी तेलात अनारसे का विरघळतात आणि त्या वेळी पिठात काय घालावे, हे लिहावे. गोडा मसाला विकणाऱ्यांनी तो कोणत्या भाजीत केव्हा घालावा, हे लिहावे. ज्ञान दिल्याने लोक घरीच करून घेतील अशी भीती काहींना वाटते. करणारे करतातच, न करणाऱ्यांना मात्र आपल्याला हे काम येते याची खात्री पटते.

८. मजकूर प्रमाण मराठीत लिहावा, बोलीत, की इंग्रजी मिसळून?

ज्या भाषेत आपण गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलतो, त्या भाषेत लिहावे. मालवणी मसाला विकणाऱ्याने मालवणीत, खान्देशी बिबड्या विकणाऱ्याने अहिराणीत एखादे वाक्य लिहिले तर त्या भागातून मुंबई-पुण्याला गेलेल्या माणसांना ते आपले वाटते. मात्र भाव, वजन, तारीख आणि पत्ता यांची वाक्ये कोणालाही समजतील अशा साध्या प्रमाण मराठीतच ठेवावीत.

लिपीचा मुद्दा वेगळा आहे. मजकूर देवनागरीत असावा, परंतु पुष्कळ लोक शोधताना वस्तूचे नाव रोमन अक्षरांत टाइप करतात. त्यामुळे वस्तूचे आणि गावाचे नाव शेवटी एकदा रोमन लिपीतही लिहावे. ‘प्रीमियम’, ‘एक्सक्लुझिव्ह’, ‘ऑथेंटिक’ हे शब्द मात्र टाळावेत. प्रत्येक जण तेच लिहीत असल्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरते.

९. एकच मजकूर इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर टाकला तर चालतो का?

वस्तूची माहिती तीच राहील, मांडणी बदलावी लागेल. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक सहसा दाबून उघडत नाही. ती प्रोफाइलच्या परिचयात किंवा स्टोरीवर द्यावी लागते. फेसबुकवर, विशेषतः गावाच्या आणि सोसायट्यांच्या समूहांत, लांब मजकूर वाचला जातो आणि खाली प्रश्नोत्तरेही होतात. मात्र समूहाचे नियम पाहिल्याशिवाय तेथे जाहिरात टाकू नये.

आपल्याकडे ऑर्डर शेवटी नोंदवली जाते ती बहुधा व्हॉट्सॲपवर. म्हणून तेथील मजकूर सर्वांत आटोपशीर हवा, आणि व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर कॅटलॉगमधील भाव आणि पोस्टमधील भाव सारखेच हवेत. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, हे अनेकांना माहीत नसते. पहिली ऑर्डर पोहोचवताना पिशवीतल्या चिठ्ठीवर ‘पुढच्या यादीसाठी हा क्रमांक जतन करा’ असे लिहिणे यासाठीच उपयोगी पडते.

१०. सणाची पोस्ट किती आधी टाकावी?

आपल्याला माल तयार करायला लागणारा वेळ आणि ग्राहकाला घरात विचारून ठरवायला लागणारा वेळ, यांची बेरीज करून मागे मोजत यावे. अनारशासाठी तांदूळच तीन दिवस भिजवावे लागतात, आणि दिवाळीच्या आठवड्यात कुरिअरवाल्यांकडे गर्दी असते. फराळाची यादी आणि भाव नवरात्रात जाहीर करावेत, कोजागरीच्या सुमारास आठवण करावी आणि नोंदणी बंद होण्याची तारीख पहिल्या दिवसापासून प्रत्येक पोस्टमध्ये ठेवावी. तिळगूळ, उकडीचे मोदक, पुरणपोळी या ताज्याच द्यायच्या पदार्थांना इतकी मुदत लागत नाही. त्यांत आदल्या आठवड्यातली पोस्ट सर्वांत अधिक चालते. पितृपक्षात दागिने किंवा साड्यांची खरेदी अनेक घरांत टाळली जाते. त्या पंधरवड्यात ‘आजच घ्या’ असे लिहिण्यापेक्षा घटस्थापनेनंतर येणारा माल दाखवावा.

११. लोक भाव विचारतात, फोटो मागवतात आणि मग उत्तरच देत नाहीत. काय करावे?

सर्वांत आधी, कोणता प्रश्न वारंवार येतो याची नोंद ठेवावी. तीन जणींनी ‘ब्लाउज पीस आहे का?’ असे विचारले असेल, तर पुढच्या पोस्टमध्ये ते वाक्य आलेच पाहिजे. इनबॉक्समधले प्रश्न हा पोस्ट लिहिण्याचा सर्वांत विश्वासार्ह कच्चा माल आहे.

उत्तर देताना नुसता आकडा पाठवू नये. ‘१,८५०’ एवढ्यावर संभाषण थांबते. ‘१,८५० रुपये, ब्लाउज पीससह, ठाण्यात दोन दिवसांत पोहोचते. पत्ता पाठवलात तर आजच पाठवते’ असे लिहिले की पुढचे पाऊल काय, हे समोरच्याला कळते. त्यावरही उत्तर आले नाही तर दोन दिवसांनी एकदा विचारावे आणि मग सोडून द्यावे. ‘घ्यायचे नव्हते तर विचारले कशाला’ अशा अर्थाची स्टोरी टाकणारे विक्रेते दिसतात. त्या स्टोरीमुळे ज्यांनी अजून विचारलेले नाही असे लोकही दुरावतात.

१२. ‘शेवटचे दोनच नग’, ‘आज रात्रीपर्यंतच’ असे लिहिल्याने विक्री वाढते. ते लिहावे का?

खरे असेल तर जरूर लिहावे. शेवटचे दोन नग उरले असतील तर ते सांगणे ग्राहकाच्याही हिताचे आहे. परंतु गोदामात चाळीस असताना दोन म्हणणे ही फसवणूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला फसवून खरेदीकडे ढकलणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या) रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत नमूद केलेल्या १३ प्रकारांत अशी खोटी निकड निर्माण करण्याचा समावेश आहे. कायदा बाजूला ठेवला तरी छोट्या व्यावसायिकाचे ग्राहक एकमेकांच्या ओळखीचे असतात, आणि ‘आज शेवटचा दिवस’ पुढच्या आठवड्यात पुन्हा आला की ते सोसायटीच्या ग्रुपवर बोलले जाते.

१३. ग्राहकांचे अभिप्राय आणि त्यांच्या संदेशांचे स्क्रीनशॉट टाकताना कोणती काळजी घ्यावी?

परवानगी विचारावी आणि नाव, क्रमांक, छायाचित्र झाकावे. ‘खूप छान!’ अशा अभिप्रायाने काही साधत नाही. ‘मुलाला हॉस्टेलवर पाठवला, बारा दिवसांनीही चिवडा कुरकुरीत होता’ हा अभिप्राय टिकाऊपणाच्या शंकेला उत्तर देतो, म्हणून ज्या शंकेमुळे ऑर्डर अडते त्या शंकेशी जुळणारा अभिप्राय निवडावा. असे नेमके अभिप्राय हवे असतील तर ‘कसे वाटले?’ याऐवजी ‘किती दिवस टिकला?’, ‘तिखट घरच्यांना झेपले का?’ असे विचारावे. स्वतःच लिहिलेले किंवा मित्रमंडळींकडून लिहवून घेतलेले अभिप्राय टाकू नयेत.

१४. एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे न देता नुसती वस्तू भेट दिली, तर ती जाहिरात ठरते का?

होय. पैसे, फुकट वस्तू, सवलत, प्रवासखर्च किंवा नातेसंबंध, यांपैकी काहीही असले तरी त्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचे सहज दिसेल असे लिहावे लागते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासंबंधीचे नियम स्पष्ट केले आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. खुलासा केल्याने विक्री घटते, असे समजू नये. आपल्या शहरातील, आपल्याच वस्तूंविषयी लिहिणारी आणि थोडेच फॉलोअर्स असणारी व्यक्ती निवडली तर ‘जाहिरात’ हा शब्द असूनही लोक तिचे ऐकतात.

१५. ‘मधुमेहींसाठी उत्तम’, ‘प्रतिकारशक्ती वाढवते’, ‘केमिकल-फ्री’ असे लिहिता येते का?

एखादा खाद्यपदार्थ आजार बरा करतो किंवा टाळतो, असे लिहिता येत नाही. एफएसएसएआयच्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनी त्याला बंदी आहे, आणि मधुमेहासारख्या काही विकारांवर औषध म्हणून जाहिरात करणे १९५४ पासूनच्या कायद्याने निषिद्ध आहे. नाचणीच्या लाडवांत साखर नसून खजूर आहे, असे लिहावे; मधुमेही माणसाने तो खावा का, हे त्याचे डॉक्टर ठरवतील. खजुरातही साखर असतेच, त्यामुळे ‘शुगर-फ्री’ हा शब्द तेथे वापरू नये. ‘केमिकल-फ्री’ऐवजी काय घातलेले नाही ते नेमके सांगावे : ‘रंग किंवा प्रिझर्व्हेटिव्ह घातलेले नाही, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवावे’. या वाक्यात दावा आणि त्याचा परिणाम दोन्ही येतात.

१६. ‘हापूस’, ‘पैठणी’, ‘कोल्हापुरी’ ही नावे कोणालाही वापरता येतात का?

नाही. ही भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालापुरते राखलेले नाव) मिळालेली नावे आहेत. हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. कर्नाटकातून आलेला त्याच जातीचा आंबा चवीला चांगला असू शकतो आणि तो त्याच्या गावाच्या नावाने अवश्य विकावा, पण ‘देवगड’ लिहून विकणे ही ग्राहकाची आणि देवगडच्या बागायतदाराची फसवणूक आहे. कोल्हापुरी चपलेचे २०१९ चे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील ठरावीक जिल्ह्यांना आहे, त्यामुळे तेथे कर्नाटकातील कारागीरही हक्काने ते नाव लावतात. मूळ उत्पादकाकडून माल घेऊन विकणाऱ्याने तो कोणत्या गावाहून आणि कोणाकडून येतो हे लिहावे. बागायतदार किंवा विणकर यांनी स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी केलेली असेल तर तसा उल्लेख पोस्टमध्ये करावा. सेमी पैठणीविषयी प्रश्न ७ पाहावा.

१७. परदेशातील मराठी लोक पोस्ट पाहतात, पण मागवत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे लिहावे का?

लिहावे, आणि त्यात सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी : त्यांतील अनेकांना वस्तू स्वतःकडे नको असते, इथल्या आईवडिलांकडे पोहोचवायची असते. ‘तुम्ही कोठेही असा, नाशिकमधल्या तुमच्या घरी आम्ही फराळ पोहोचवू, सोबत तुमच्या नावाची चिठ्ठी ठेवू आणि पोहोचल्याचा फोटो पाठवू’ ही पोस्ट त्यांच्यासाठीच असते. पैसे कसे द्यायचे, हेही तिथेच सांगावे. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतील मोबाइल क्रमांकावरून अनिवासी खात्याद्वारे यूपीआय वापरता येते, हे सर्वांना माहीत नसते. प्रत्यक्ष परदेशी पाठवायचे असेल तर दर, लागणारे दिवस आणि सीमाशुल्काची जबाबदारी कोणाची, हे लिहिल्याशिवाय ऑर्डर घेऊ नये. त्या ग्राहकांसाठी शेवटची तारीखही वेगळी आणि बरीच आधीची ठेवावी.

१८. कॉमेंटमध्ये कोणी तक्रार लिहिली तर ती पुसावी का?

शिवीगाळ किंवा उघड खोटेपणा नसेल तर पुसू नये. पुसलेली तक्रार दुसरीकडे अधिक कडवट होऊन परत येते. त्याच जागी, ताई किंवा काका जसे बोलावत असाल तसे संबोधून, काय घडले आणि काय करणार आहात हे दोन वाक्यांत लिहावे, पुढचे बोलणे खाजगी संदेशात न्यावे आणि प्रश्न सुटल्यावर परत येऊन तसे नोंदवावे. नवा ग्राहक तक्रारीपेक्षा तिचे उत्तर अधिक बारकाईने वाचतो.

१९. कोणत्या पोस्टमुळे विक्री झाली, हे कसे कळणार?

लाइक्स मोजून कळत नाही. प्रत्येक पोस्टमध्ये मागवण्याचा शब्द वेगळा द्यावा, जसे एकात ‘चकली-शनिवार’, दुसऱ्यात ‘दिवाळी-संच’ असे पाठवायला सांगावे, किंवा नव्या ग्राहकाला ‘आमच्याविषयी कोठे वाचलेत?’ एवढे विचारून वहीत टिपावे. पोस्टची तारीख, आलेल्या चौकशा, पक्क्या झालेल्या ऑर्डर आणि पुन्हा मागवणारे ग्राहक, असे चार रकाने पुरतात. चौकशा पुष्कळ आणि ऑर्डर कमी असतील तर अडचण बहुधा भावात, पोहोचवण्याच्या खर्चात किंवा उत्तर देण्यातल्या उशिरात असते (प्रश्न ११). चौकशाच नसतील तर पोस्ट पुन्हा लिहावी लागेल. पोस्ट जपून ठेवणारे आणि दुसऱ्याला पाठवणारे किती, हा आकडाही पाहावा. वाचणाऱ्याने ती घरातल्या कोणाला दाखवली, याची ती खूण असते.

२०. माल संपल्यावर जुनी पोस्ट काढून टाकावी का?

काढू नये, तिच्याखाली आलेले प्रश्न, उत्तरे आणि अभिप्राय पुढच्या हंगामात उपयोगी पडतात. मात्र ती तशीच सोडणेही योग्य नाही, कारण शोधत आलेला माणूस सहा महिन्यांपूर्वीच्या भावाने ऑर्डर पाठवतो आणि नकार ऐकून नाराज होतो. पोस्ट संपादित करून पहिल्या ओळीत ‘या हंगामाचा माल संपला, पुढची नोंदणी फेब्रुवारीत सुरू होईल, नाव नोंदवायचे असल्यास व्हॉट्सॲप करा’ असे लिहावे आणि जुना भाव काढावा. वस्तू कायमची बंद केली असेल तर तसे स्पष्ट लिहून तिच्या जवळची दुसरी वस्तू सुचवावी. पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीचा नियम वेगळा आहे : तिच्यातील माल संपताच ती त्याच दिवशी थांबवावी, कारण नसलेल्या मालाची जाहिरात चालू ठेवणे प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या निर्बंधांच्या कक्षेत येऊ शकते.